झाकणाच्या आतली बाजू

आदिलाबादेत कुणाच्या मनगटावर रोलेक्स पाहिल्याचं मला आठवत नाही. पाटेक फिलिपचं तर नावच नको. मार्केट यार्डात ते उच्चारलं तर बोंडअळीवरचं नवं औषध आलेलं दिसतंय, असं समजून समोरचा भाव विचारेल. आणि तरी जुन्या स्विस घड्याळांचा नाद मला लागला तो याच गावात. इथं पैसा कपाशीच्या वाटेनं येतो, दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि होळीपर्यंत सावकार, बियाणंवाला, दवाखाना, सोयरीक अशा ज्याच्या त्याच्या घरी परतही जातो. पूर्वी जाण्याआधी त्यातला थोडा कुणाकुणाच्या मनगटावर थांबायचा. तो थांबलेला पैसा मी गोळा करतो, असं म्हटलं तरी चालेल.

घड्याळं कोणती? वेस्ट एन्ड, फेवर लुबा, रोमर, कॅमी, हेन्री सँडो, टिसो. आणि तहसीलदार, डॉक्टर, जिनिंगवाले शेठ अशा मोजक्यांकडे ओमेगा. लिलावांच्या गुळगुळीत कॅटलॉगांत यातल्या बहुतेकांना जागा नाही. पण ज्याच्या घरी दिवस कोंबड्यावर, उन्हावर आणि जिनिंगच्या भोंग्यावर चालायचा, त्यानं सतरा माणकांचं मशीन हातावर बांधावं, याला चैन नाही तर काय म्हणायचं? शेताला जायला घड्याळ लागत नाही. डवरणी, फवारणी, वेचणीला बाया सांगणं, यातलं काहीही पावणेआठ वाजता होत नाही. घड्याळ लागायचं ते कचेरीत, लग्नाच्या मांडवात आणि स्टेशनावर मुदखेडची गाडी धरताना. त्यातही गाडी घड्याळाचं ऐकेलच असा भरवसा नव्हता.

या सगळ्यांत आमच्या भागाशी जुनं नातं वेस्ट एन्डचं. नाव लंडनच्या झगमगत्या वस्तीचं, कारखाना स्वित्झर्लंडमधल्या सेंट-इमिये गावचा, आणि बाजार मुंबईचा. १८८६ साली ही छाप मुंबईत रुजली ती हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकासाठीच. त्यांचं सर्वांत गाजलेलं घड्याळ 'सोवार प्रायमा', म्हणजे घोडदळातल्या स्वारासाठी काढलेलं. पांढरी तबकडी, ठसठशीत आकडे, रेडियम भरलेले काटे, शोभेचा सोस नाही. लष्करातून ते पोलिसात आलं, रेल्वेत आलं, आणि निजामाच्या राज्यात पटेल-पटवाऱ्यांच्या हातावर आलं. घोडा कधी न चढलेल्या माणसांनी ते घड्याळ मोठ्या रुबाबात वापरलं.

सेंट-इमियेबद्दल वाचलं तेव्हा मला मौज वाटली. लाँजिन कंपनी १८३२ पासून याच गावात. आणि याच गावात सप्टेंबर १८७२ मध्ये युरोपातल्या अराजकवाद्यांची परिषद भरली. मार्क्सशी फारकत घेतलेली मंडळी होती ती. त्याच वर्षी रशियन उमराव घराण्यातला क्रोपोत्किन त्या ज्युरा डोंगरात येऊन घड्याळं बनवणाऱ्यांमध्ये आठवडाभर राहिला आणि आपण अराजकवादी आहोत हे तिथंच ठरवून निघाला. तसं त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. खुद्द मार्क्सनंही 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात श्रमविभागणी समजवायला घड्याळच घेतलं आहे: एक माणूस चाकं करतो, दुसरा स्प्रिंग, तिसरा काटे, चौथा तबकडी, आणि सगळे आपापल्या घरी बसून. मालक नको, हुकूम नको म्हणणाऱ्या या डोंगरी माणसांच्या गावाहून साम्राज्याच्या स्वारांसाठी घड्याळं यायची आणि ती बघून आमच्याकडचा पटवारी शेतसारा वसूल करायचा. इतिहासाला विनोदाचं अंग असतंच. फक्त तो हसताना दिसत नाही.

ज्युरातला शेतकरी हिवाळाभर बर्फानं कोंडून पडायचा. शेत गोठलेलं, गुरं गोठ्यात, मग तो खिडकीशी टेबल ओढून घड्याळाचे सुटे भाग घासत बसायचा. ल लोक्ल आणि ला शो-द-फाँ या दोन गावांची तर रचनाच अशी, की प्रत्येक खिडकीत उजेड पडावा. २००९ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशात घेतलं ते त्यासाठी. आमच्याकडे शेतकऱ्याला कोंडतो उन्हाळा. पारा पंचेचाळिसावर गेला की एप्रिल-मे ओसरीवर पडून काढायचे. त्या रिकामपणातून तिकडच्यानं घड्याळ काढलं. इकडच्यानं आपल्या रिकामपणात ते विकत घ्यायचं मनात आणलं.

फेवर लुबा याच ल लोक्लचं. घराण्याची सुरुवात १७३७ ची, हिंदुस्थानात पाऊल १८६५ सालचं. मुंबईत त्यांचं बस्तान इतकं पक्कं बसलं की पुढं कित्येकांना ती कंपनीच इथली वाटायची. उच्चार ज्याच्या त्याच्या जिभेप्रमाणे. आमच्याकडे 'फेवरलुबा', एका दमात. 'सी चीफ' आणि 'सी किंग' ही चावीची घड्याळं समुद्राचं नाव लावून समुद्रापासून शेकडो मैल दूर पैनगंगेच्या काठी खपली. त्यांचा खरा पराक्रम आमच्या बाजारापर्यंत पोचलाच नाही. १९६२ चं 'बिव्हाक' हे मनगटावर डोंगराची उंची आणि हवेचा दाब दाखवायचं, १९६८ चं 'बॅथी' पाण्याची खोली. पुढं ही छाप हातोहात फिरत राहिली. २०११ मध्ये टायटननं घेतली, २०२३ मध्ये ती पुन्हा दुसऱ्या भारतीय हातांत गेली. मला यात कंपनीच्या अवनतीपेक्षा घरवापसी दिसते, पण हे माझं पक्षपाती मत.

आता जरा अवघड जागी येतो. माझ्याकडच्या घड्याळांतली बरीचशी लग्नातली आहेत. विकणारा ते कौतुकानं सांगतो, "सर, आबांच्या लग्नातलं आहे," जणू त्यानं वस्तूचं कूळ शुद्ध ठरतं. ठरतंही. पण त्या लग्नात काय व्हायचं ते आपल्याला ठाऊक आहे. नवरदेव पंगतीत रुसायचा. पाटावर बसून घास उचलायचा नाही. वऱ्हाडातला एखादा मामा मधे पडायचा, मुलीचा बाप कनवटीला हात घालायचा, आणि सायकल, रेडिओ, घड्याळ या त्रयीतलं निदान एक तरी कबूल झालं की भात कालवला जायचा. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. त्याच साली बंगळुरात एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं घड्याळांचा कारखाना सुरू केला. कायद्यापेक्षा कारखाना पुष्कळच चांगला चालला. स्विस घड्याळं आयातीच्या निर्बंधांमुळे दुर्मीळ होत गेली तशी एचएमटीचं 'कांचन' नवरदेवाच्या यादीत आलं, आणि त्यासाठीही वशिला लागायला लागला. आणि ज्या बाईच्या बापानं ते घड्याळ घेतलेलं असायचं, तिला किती वाजले हे जन्मभर नवऱ्याला विचारावं लागायचं.

एका आजीनं नवऱ्याचं फेवर लुबा माझ्यासमोर ठेवलं तेव्हा भाव सांगितला नाही. "माह्या बापानं याच्यापायी गोऱ्हा इकला व्हता," एवढंच म्हणाली. "आता तुमी पाहा किती द्याचे ते." बैलबाजारात ऊठबस असलेल्या एकाला फोन करून तशा गोऱ्ह्याचा आजचा भाव मी विचारून घेतला आणि तेवढे दिले. घड्याळाच्या बाजारभावाशी त्या रकमेचा काही संबंध नव्हता. आजीनं नोटा मोजल्या नाहीत, पदरात बांधल्या. शेजारी बसलेल्या नातवानं मात्र माझ्याकडे असं बघितलं की या घरात असलं आणखी काही आहे का, हे तो मनातल्या मनात हुडकत असावा. ते घड्याळ देखणं आहे. चंदेरी तबकडी, खंजिरासारखे निमुळते काटे. पण मी ते हातावर घालत नाही.

घड्याळ बघायचं म्हणजे लोक तबकडी बघतात. मी आधी पाठ उघडतो. काही झाकणं फिरकीची असतात, काही दाबून बसवलेली. दाबाच्या झाकणाला कडेला एक बारीकशी खाच असते, तिथं सुरीचं पातं टेकवून अलगद पिळलं की टक्कन सुटतं. आधी वास येतो, जुन्या तेलाचा, पितळेचा, आणि घाम मुरलेल्या चामडी पट्ट्याचा. मग मशीन. चावी दोन फेरे फिरवली आणि जीव उरला असेल तर बॅलन्सचं चाक हेलकावा घेतं. त्या काळच्या बहुतेक चावीच्या घड्याळांत ते तासाला १८,००० ठोके घेतं, म्हणजे सेकंदाला पाच. केसाहून बारीक स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी फुलते आणि मिटते. खाली लालसर ठिपके दिसतात ती माणकं. कृत्रिम, भट्टीत केलेली, दागिन्याच्या बाजारात कवडीमोलाची, पण धातूच्या आसाला झिजू देत नाहीत. आणि आमच्या गावच्या घड्याळांत बऱ्याचदा आणखी एक गोष्ट सापडते: कापसाचा तंतू. जिनिंगच्या हंगामात तो हवेतच असतो, झाडांवर, तारांवर, चहाच्या सायीवर. झाकणाच्या फटीतूनही शिरतो आणि एखाद्या चाकाच्या आसाला गुंडाळून बसतो. चिमट्यानं तो ओढून काढताना आपण ल लोक्लच्या वस्तूतून आदिलाबाद बाहेर काढतोय, असं वाटतं.

रेडियमचीही एक गंमत आहे. जुन्या वेस्ट एन्डचे आकडे आता अंधारात चमकत नाहीत. लोक म्हणतात रेडियम संपलं. रेडियम कुठलं संपतंय. ते अर्धं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. थकलं ते त्याच्यासोबतचं रसायन, उजेड देणारं. आतली आग तशीच आहे, फक्त दिसेनाशी झाली. म्हणून अशा तबकड्या उघड्यावर खरवडू नयेत आणि ती पूड नाकातोंडात जाऊ देऊ नये. हे मी भेटेल त्या कारागिराला सांगतो आणि भेटेल तो कारागीर हसून मान हलवतो.

पण पाठ उघडायचं माझं खरं कारण मशीन नाही. झाकण उताणं करून उजेडाशी तिरपं धरलं की आतल्या चकचकीत बाजूला सुईनं ओरखडल्यासारखे आकडे दिसतात. घड्याळ दुरुस्तीला आलं की कारागीर आपली खूण, काम नंबर किंवा तारीख तिथं कोरून ठेवतो. परत आलं तर कळावं की हे आपल्याच हातून गेलं होतं, गिऱ्हाईक भांडायला लागलं तर पुरावा असावा, एवढाच हेतू. बेला भागातल्या एका जुन्या पटवाऱ्याच्या घरून आलेलं माझं एक सोवार प्रायमा आहे. त्याच्या झाकणात तीन हात दिसतात. सगळ्यात आतला उर्दू आकड्यांचा, वळणदार. दुसरा इंग्रजी, ४-६७, घाईत ओढलेला. तिसऱ्यानं तेलुगू अक्षर काढून पुढं नंबर टाकलाय. त्या घरानं जागा न सोडता निजामाचं राज्य पाहिलं, १९४८ नंतरचं हैदराबाद राज्य पाहिलं, १९५६ चा आंध्र प्रदेश पाहिला, तेव्हा राजुरा आणि किनवट तालुके महाराष्ट्राच्या बाजूला गेले आणि बेला इकडेच राहिलं, आणि २०१४ चं तेलंगणही पाहिलं. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले तेही. एवढ्या उलथापालथीची नोंद मी सरकारी कागदांत शोधायला गेलो असतो तर चप्पल झिजली असती. इथं ती एका चवलीएवढ्या झाकणात आहे.

गांधी चौकाकडून आत गेलं की काचेची पेटी पुढं घेऊन बसणारे एक घडीसाज होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. डोळ्याला भिंग लावलं की चेहऱ्याची अर्धी बाजू आपली राहायची नाही. सुरुवातीला लिलावांच्या बातम्या वाचून माझं डोकं फिरलेलं होतं. मी त्यांना म्हणालो, चाचा, मला अस्सल पाहिजे, कंपनीतून निघाल्यापासून कुणी उघडलेलं नको. चाचांनी भिंग काढलं. "मास्टर साब, जिस घडी को हात नै लगा, वो या तो कल खरीदी है या तो कब की मर गई." मग पेटीच्या खणातून एक रोमर काढून माझ्या तळव्यावर ठेवलं. "ये देखो. हात लगेली मशीन है. चार जनों का हात लगेला. चल री ना?"

चालत होतं.

जगात मात्र उलटी रीत आहे. २०१७ मध्ये न्यूयॉर्कला अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. त्याच्या पाठीवर बायकोनं, जोअ‍ॅन वुडवर्डनं, गाडी जपून चालवण्याबद्दल दोन शब्द कोरून घेतले होते. त्या शब्दांनी घड्याळाचं मोल वाढवलं. बायकोनं काळजीपोटी कोरलं तर मोल वाढतं, कारागिरानं पोटासाठी कोरलं तर कमी होतं, हा हिशेब मला अजून पटलेला नाही. न्यूमनला जपून चालवायला सांगणारी एकच होती. सोवारला जपणारे तीन होते आणि तिघांनीही ते प्रत्यक्ष करून दाखवलं.

दुसरा नमुना तबकडीचा. काळी तबकडी उन्हानं, दमटपणानं तपकिरी पडली की जिनिव्हाच्या लिलावात तिला 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि तिच्यासाठी जास्तीची बोली लागते. आमच्याकडे खऱ्याखुऱ्या उष्ण कटिबंधात तीच तबकडी बिघडलेली ठरते आणि मुंबईला रंगवायला जाते. रंगवून येते ती नव्या नवरीसारखी: मोरपिशी नाही तर लालभडक, अक्षरं जाडजूड, कधी 'स्विस मेड'च्या स्पेलिंगमधलं एखादं अक्षर गाळलेलं, आत कुठल्या तरी तिसऱ्याच घड्याळाचं मशीन. परदेशी संग्राहकांनी या मालाला 'मुंबई स्पेशल' असं नाव देऊन ठेवलंय आणि ते काही गौरवानं नाही. त्यांचा राग मला समजतो. जुनं म्हणून नवं विकणं ही फसवणूकच, तिला कारागिरी म्हणून पाठीशी घालायचं कारण नाही. पण मालकानं स्वतःच्या घड्याळाची डागाळलेली तबकडी पोरीच्या लग्नाआधी हौसेनं रंगवून घेतली असेल, तर त्यात लबाडी कसली? वाडवडिलांचं घर दसऱ्याला चुन्यानं रंगवतोच की आपण. माझी फूटपट्टी ओबडधोबड आहे: ज्यानं रंगवलं त्यानंच नंतर ते वापरलं का? वापरलं असेल तर मी घेतो. विकण्यासाठी रंगवलं असेल तर लांबून नमस्कार. ही फूटपट्टी शंभर टक्के चालते असं नाही, विकणारा काय वाट्टेल ते सांगतो. पण पट्ट्याखालच्या केसची झीज सहसा खोटं बोलत नाही. वर्षानुवर्षं घामानं खाल्लेली कड कानशीनं करता येत नाही.

स्वित्झर्लंडचा कायदा २०१७ पासून असा आहे, की घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा निदान ६० टक्के भाग त्या देशात झालेला असेल तरच 'स्विस मेड' लिहायचं. माझ्या कपाटातली किती घड्याळं त्या परीक्षेला उतरतील? मेनस्प्रिंग कुठून तरी कापून बसवलेली, काच प्लास्टिकची मुंबईची, चावी दुसऱ्या कंपनीची, बॅलन्स स्टाफ एका बंद पडलेल्या रोमरमधून काढलेला, तेल शिलाई मशीनचं नसलं म्हणजे मिळवली. उरतं ते केस, मुख्य पट्ट्या, काही चाकं आणि तबकडीवरचं नाव. बाकीची टक्केवारी आमच्या बाजाराची. चाचा मशीन पेट्रोलच्या वाटीत धुवायचे, ब्रशनं घासायचे आणि रबरी पंप्यानं वारा घालून सुकवायचे. एखादा स्विस तंत्रज्ञ ते पाहून मूर्च्छित पडला असता. पण त्याच्याकडे सुट्या भागांची कपाटं होती. चाचांकडे एक खण होता. त्या खणात मेलेल्या घड्याळांचे अवयव होते, आणि कुठला अवयव कुणाला चालेल हे त्यांच्या बोटांना माहीत होतं.

२५ डिसेंबर १९६९ ला तोक्योत सैकोनं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत स्वित्झर्लंडमधले घड्याळ उद्योगातले सुमारे नव्वद हजार रोजगार एक तृतीयांशावर आले. त्या पडझडीचा धक्का आमच्याकडे उशिरानं आणि वेगळ्याच रस्त्यानं पोचला. निर्मल, करीमनगर, निजामाबादकडची पोरं आखातात गेली आणि सुट्टीवर येताना सैको, सिटिझन आणली. ज्यांचं बरं चाललं होतं त्यांनी राडो आणलं. राडोचं डायस्टार १९६२ चं, धातूइतक्याच हट्टी मिश्रणाचं, चरा न पडणारं. वाळवंटात विटा वाहणाऱ्या माणसाला चरा न पडणारी एखादी वस्तू हवीशी वाटली, तर नवल नाही. मी राडो जमवत नाही. चरा पडत नाही म्हणजे वाचायलाही काही मिळत नाही. एचएमटीचा घड्याळाचा कारभार २०१६ मध्ये सरकारनं गुंडाळला. त्या आधीच पोरांच्या खिशात मोबाइल आलेला होता आणि मनगटं मोकळी झाली होती.

आता चाचा नाहीत. त्यांच्या जागी मोबाइलच्या काचा बदलणारा बसतो, चांगला कारागीर आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. घड्याळं मला नांदेडला किंवा हैदराबादला न्यावी लागतात. तिथला कारागीरही झाकणात खूण करतो का, हे मी परत आणल्यावर पहिल्यांदा बघतो. हल्ली बहुतेक जण कागदी पावती देतात, ओरखडत नाहीत. गिऱ्हाईक रागावतं, म्हणतात.

परवा हैदराबादहून एका तरुण मुलाचा फोन आला. सॉफ्टवेअरमध्ये आहे, आजोळ इकडचंच, मराठी अजून टिकवून आहे. त्याला सोवार प्रायमा हवंय. फोटो पाठवले. तबकडी आवडली, काटे आवडले. झाकणाचा फोटो बघून मात्र खट्टू झाला.

"काका, हे आतले स्क्रॅचेस बफिंग करून निघतील ना?"

"निघतील. पण मग मी विकणार नाही."

तो थोडा थांबला. अशा विक्षिप्त म्हाताऱ्यांची त्याला सवय असावी. "बरं, त्या उर्दू आकड्यांत काय लिहिलंय? बावन्न ना? म्हणजे १९५२ चं सर्व्हिसिंग."

"बावन्नच. पण पुढं 'फे' अक्षर आहे, दिसलं का? फसली साल आहे ते, १३५२. निजामाचं सरकारी साल, पिकांच्या हिशेबाचं. इकडच्या जुन्या पहाणीत तेच सापडतं. त्यात ५९० मिळवायचे."

पलीकडे कॅल्क्युलेटर उघडल्याची शांतता. "म्हणजे १९४२?"

"बेचाळीस-त्रेचाळीस. ऑक्टोबरात साल बदलायचं."

"अरे वा." आवाजात एकदम तरतरी आली. "म्हणजे घड्याळ दहा वर्षांनी जुनं निघालं की, काका." मग क्षणभर विचार करून त्यानं सावधपणे विचारलं, "याचे तुम्ही वेगळे तर नाही ना लावणार?"